तळाचं पांढरं लाकूड

बाबा, ते लाकूड कच्चं आहे हे तुम्हाला लावतानाच माहीत होतं का? कित्येक महिने मी हाच एक प्रश्न घेऊन फिरते आहे आणि उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ज्यांना विचारता येईल अशी दोघंच उरली, तुमच्यासोबत काम केलेले मिस्त्रीकाका आणि आई. काका नक्की काही सांगू शकत नाहीत, आणि आई सांगत नाही.

गावोगाव दवाखाना चालवणाऱ्या संस्थेची ती राहती गाडी तुम्हाला आठवत असेलच. जुन्या बसच्या सांगाड्यावरची पेटी काढून तुम्ही देवळीच्या आपल्या अंगणात नवी लाकडी पेटी बांधली होती. आत दोन पलंग, भिंतीत मिटणारं टेबल, एवढासा ओटा, त्याखाली पिठाच्या डब्याची जागा. डॉक्टरीणबाई आणि नर्सताई आठ-आठ दिवस त्या गाडीत राहून आर्वीकडची गावं करायच्या. मी सहा वर्षांची असेन. दिवसभर तुमचा रंधा चालायचा आणि स्वयंपाकघरात आई जवसाच्या तेलात राळ उकळायची. छताचे सांधे भरायचं काम तिचं होतं. तागाचा दोरा त्या रसात भिजवून ती बोटांनी सांध्यात दाबत जायची. रस गरम असायचा, पण पळीनं नीट बसत नाही म्हणायची. पोळ्यांना राळेचा वास येतो म्हणून तुम्ही एकदा ताट सरकवलं होतं. पुढचे दोन महिने तिनं आधी स्वयंपाक उरकून घेतला आणि मगच राळ चुलीवर ठेवली.

दोन वर्षांनी गाडी परत आली. तिच्या मागच्या कोपऱ्यातली फळ्यांची जमीन खचली होती, पलंगाचा पाय आत गेला होता. संस्थेचे तिघं अंगणात उभे होते. तुम्ही वाकून कोपरा पाहिला, उठलात आणि घराकडे तोंड करून ओरडलात, “निघ वं बाहेर!” आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. “चढ वर. दाखव या साहेबायले कुठं कुठं तुह्ये बोटं चुकले.” ती शिडीवर चढली. तुम्ही खालून सांगत होतात, पाणी छतातून शिरलं, भिंतीच्या आतून उतरलं, खाली साचलं. सुताराचं काम चोख आहे, बाईच्या हातानं दगा दिला. ती वर बसून एकेका सांध्यावरून हात फिरवत होती, तिला तर कुठं फट सापडत नव्हती. “दिसत नाई काय? का झोपूनच भरले होते?” त्यातले एक साहेब हसले. ती खाली उतरली तेव्हा शिडीला कणीक लागली होती, तीही तुम्ही तिलाच पुसायला लावली.

त्यानंतर आपल्या घरात जे काही गळलं, आंबलं, तुटलं, ते “हिच्या हातचं” झालं. आधी तुम्ही म्हणायचात, मग आत्या म्हणू लागली, मग गल्ली. कुणाच्या घरची बादली गळाली तरी बाया आईकडे पाहून हसायच्या. मी स्वतःला वगळत नाही. सहावीत असताना माझा डबा दप्तरात सांडला तेव्हा मी घरी येऊन तुमच्यासमोर म्हणाले होते, “तूच भरला ना, मग गळनच.” तुम्ही पोट धरून हसलात आणि दुसऱ्या दिवशी मला सागाची कंपासपेटी करून दिलीत. माझ्या आयुष्यातली तुमच्या हातची ती एकच भेट. ती कशाबद्दल मिळाली हे मला त्याही वयात समजलं होतं, तरी वर्गात मी मिरवली.

मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली. पेढे घेऊन आत्याकडे गेले तर ती आईसमोरच म्हणाली, “बापावर गेली म्हून पास झाली. आईवर गेली असती तं चाळणी निघाली असती!” आईनं तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

आता मी त्याच संस्थेत काम करते. ती गाडी बरीच वर्षं मागच्या कडुलिंबाखाली पडून होती. तिच्यात पुस्तकं भरून, ज्या गावांतून मुलींना पुलगावला किंवा आर्वीला जायला एसटी मिळत नाही तिथं ती मुक्कामाला न्यायची, ही कल्पना माझी. मीच हट्ट धरला की पेटी मोडायची नाही, दुरुस्त करायची. खरं सांगायचं तर तुमचं काम जपावं असंच तेव्हा मनात होतं. मिस्त्रीकाका आले. पत्रा उतरवला, आतले तक्ते काढले, सांगाडा उघडा पडला. काकांनी आधी छत पाहिलं. आईनं भरलेला सांधा त्यांनी पटाशीनं खरवडला तर राळ काचेसारखी तडकली, आणि आत लाकूड कोरडं, काल कापल्यासारखं पिवळसर. एक सांधा झाला, दुसरा झाला, सगळे तसेच. मग ते खाली बसले आणि तळाच्या दांड्यावर पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला, कणकेत जावा तसा.

“हे पाह्य,” ते म्हणाले. “सागच हाय, पण बाहेरचं पांढरं. सालीखालचं. याले वाळवीबी खाते अन् पाणीबी. चाकाचा चिखल उडला अन् खालून सडत गेलं. वरून पाणी आलंच नाई, पोरी.” त्या पांढऱ्या लाकडावर दर्शनी बाजूनं चांगल्या सागाची पातळ पट्टी ठोकलेली होती. मी विचारलं, ही कशाला? काका बराच वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. “मजबुतीसाठीबी ठोकतेत. लपवाले बी ठोकतेत. वस्ताद म्हणत होतो मी तुह्या बापाले. मले नको इचारू.”

छताच्या सांध्याचा एक तुकडा कापून मी घरी नेला. आई तूर निवडत होती. तिनं तो हातात घेतला, नखानं राळ टोकरली आणि सुपाशेजारी ठेवून दिला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान तुम्हाला एखादी शिवी देईल. ती म्हणाली, “बरं.” मी विचारलं, बाबांना माहीत होतं का? “जेवून घे.” मी म्हटलं, मी हे सगळ्यांना दाखवणार आहे, आत्याला, गल्लीला, संस्थेला. तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं. “आतापर्यंत लोकं काय म्हणत होते? सुतार भारी, बायको फूहड. आता म्हणतीन सुतारबी सडका. अवं, मंग माह्याजवळ राह्यलं काय? भारी सुताराची बायको होती मी. तेवढं तरी राहू दे. बंद कर ते.” नव्या सांध्यांसाठी राळ उकळून दे म्हटलं तर म्हणाली, “बजारात तयार मसाल्याच्या नळ्या भेटतेत, त्या आण.”

तळाचे चारही दांडे आम्ही बदलले. खांबांची सडकी टोकं कापून नवा साग जोडला, बोल्ट मारले, बाजारातल्या नळ्यांनी सांधे बंद केले. आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला, भिंतीत, मी एक काचेची खिडकी करून घेतली. तिच्यात दोन तुकडे आहेत. खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे: “हा सांधा माझ्या आईनं भरला. तो कधी गळला नाही. हे तळाचं लाकूड माझ्या वडिलांनी लावलं.” गाडी निघाली त्या दिवशी आत्याला मी हात धरून आत नेलं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं तोंड उतरताना मी नीट पाहिलं, बाबा. आई पायरीपर्यंत आली होती. ती कधी परत गेली ते मला कळलं नाही, कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हते. आता ती बाजारातून मागच्या बोळीनं येते, आणि तुमच्या फोटोला रोज हार घालते, पूर्वी फक्त सणाला घालायची.

हे कागद पाठवायला जागा नाही, असती तरी पाठवले नसते. गाडी फिरते आहे. गावोगावी बाया ती खिडकी वाचतात आणि मला म्हणतात, लेकीनं आईचं नाव राखलं. मी मान डोलावते. आई नको म्हणाली होती, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.