धुतलेले डबे

प्रिय धाकट्या,

काल फोनवर म्हणालास, "ताई, अख्खं जग एकच घर आहे. मी तर दह्याचे रिकामे डबेसुद्धा धुऊन, वेगळे काढून कचऱ्यात देतो." मी नुसतं हं हं केलं.

आज आमच्या भंगाराच्या गोदामात परदेशी प्लास्टिकचा गठ्ठा फोडला. तुझ्याच शहराचं नाव छापलेले डबे निघाले, लख्ख धुतलेले. त्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून मालकानं नेहमीसारखे मागे जाळायला लावले. अजून खोकतेय.

घर एकच आहे रे. फक्त त्याचं परसदार माझ्या वाट्याला आलंय.

हे पत्र काही मी टाकणार नाही. वाचून वैतागशील आणि डबे धुणं सोडशील. मग इथल्या माशा माझा आणखी जीव खातील.

तुझी दमलेली,
ताई