जाफन्याचं मेडल

प्लेनो, टेक्सास

आबा, पाया पडतो.

तुमच्याकडून हट्टानं आणलेलं मेडल मी काल खंडेनवमीला हॉटेलच्या सुऱ्यांशेजारी पूजेत मांडलं. मालकीणबाई पुष्पराणी अक्का तमिळ आहेत, त्यांच्यातही अवजारं पुजतात. "हे कशाचं रे?" त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून बोललो, "वडील फौजेत होते. श्रीलंकेत यादवी चालू होती तेव्हा भारताच्या शांतिसेनेतून जाफन्यात लढले." मला वाटायचं, अक्का मद्रासच्या.

त्यांचा कुंकवाचा हात तसाच थांबला. "मी जाफन्याची. तेव्हाच माझा भाऊ नाहीसा झाला. वडिलांना फोन लाव. त्यांनी त्याला पाहिलं का, एवढंच विचारते."

आबा, माझ्याकडे कागद नाहीत. काम अक्कांचं, झोपायची खोलीही अक्कांची. पण मी घाबरलो ते तुमच्या उत्तराला. तिथलं तुम्ही घरात कधीच काही बोलला नाहीत. माझ्या तोंडातून निघून गेलं, "वडील वारले."

अक्कांनी तुमच्या नावानं दिवा लावला.

आज दसरा. सकाळपासून तुमचा फोन येतोय आणि मी कट करतोय. शेजारी कांदा चिरता चिरता अक्का म्हणाल्या, "उचल की रे, आई असेल तुझी."

घाबरलेला,
तुमचा दिगू