पानाखालचे मणी

माय, काल मला कळलं, मी तुला भलताच पाला पाजलता. तवापासून भाकरी थापली की तुटायलीय. कुणाला सांगू, म्हणून वहीत लिहायलेय. आठवीत शाळा सोडली तवापासून पेन धरला न्हवता, अक्षर वाकडं आलंय.

तू काविळीचं औषध द्यायचीस. पार सिरसाळ्याकडनं लोकं यायची, डोळे हळदीवाणी. तू पदराआड पाटा घेऊन पाला वाटायचीस, ताकात कालवून उपाशीपोटी पाजायचीस, तीन सकाळी. तेल-तिखट बंद. तीन दिवसांत डोळे निवळले न्हाईत तर दवाखाना गाठा, हे बी दर माणसाला बजावायचीस. पाल्याचं नाव मात्र घ्यायचं न्हाई, घेतलं की गुण जातो. तोडताना बोलायचं सुदिक न्हाई. मला बांधावर नेऊन तू नुसतं बोट दाखवलंस. बारीक पानं, आन पान उलटं केलं की खाली मण्यांची रांग. घरी आल्यावर हसून म्हणलीस, "तू मुकीच हायस. ह्या औषधाला असंच तोंड लागतं." पाव्हणे आले की मी कणगीमागं लपायची, शाळेत हजेरीला आवाज निघायचा न्हाई, समदी मला बावळट म्हणायची. त्या दिवशी माझं मुकंपण पहिल्यांदा कामाचं निघालं. लई बरं वाटलतं मला.

मग तुझेच डोळे पिवळे झाले. आपल्या हातानं तोडलेलं आपल्याला लागू पडत न्हाई, म्हणून तू मला पाठवलंस. मी नऊ वर्षांची. मीच आणलं, मीच वाटलं, आन तू पेलीस. म्हणलीस, "कडू लागंना गं. तोंडाची चवच गेलीय." तीन दिवस झाले, डोळे तसेच. बाबा म्हणले, दवाखान्यात चल. दुसऱ्याला बजावणारी तू, पर स्वतःच्या वक्ताला म्हणलीस, लेकरानं आणलंय, आनखी तीन दिवस बघू. असं करत दोन आठवडे गेले. जीपमधी बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास. परत आलीस ती चादरीत.

सात वर्षं मी त्या बांधाला गेले न्हाई. काल शेजारची काकू सुनंला घेऊन आली. सून पोटुशी हाय, सातवा लागलाय, आन डोळे पिवळेजर्द. काकू म्हणली, तुझ्या मायनं मला उठवून बसवलंय, आता तिचा हात तुझ्याकडं. मला न्हाई म्हणताच येईना. गेले. पाय आपसूक त्याच जागी गेले, हिरीजवळ, जिथनं तुझ्यासाठी आणलतं. मूठभर तोडून आणून पाट्यावर ठेवला. काकूनं त्यातली एक काडी उचलली आन मोडली. पांढरं दूध आलं.

"आगं, ही तर दुधी. शेतातलं तण. तुझ्या मायच्या पाल्याला दूध नसायचं. ती पदराआड वाटायची, पर मी बघितलंय की."

मी काडी हातात घेऊन बघत राहिले. मणी होते, पर पानाखाली रांगंनं न्हवते. पानाच्या बगलंत झुपक्यानं होते. मी कसंबसं म्हणलं, नाव ठाऊक न्हाई, मग कसं वळखायचं.

"नावाचं काय येवढं? भुईआवळी. साऱ्या गावाला ठाऊक हाय. तुझ्या मायचं मन राखायला कुणी बोलत न्हवतं."

साऱ्या गावाला, माय. कुणालाबी एकदा इचारलं असतं तरी झालं असतं. पाटा तसाच, सून भिताडाला टेकून बसलेली, पोटावर हात. आन माझ्या तोंडातनं निघालं, "काकू, हिला आत्ताच केजला दवाखान्यात न्या. कुठलाच पाला नको. तीन दिवस बी थांबू नका."

काकू म्हणली, "तुला बोलता येतं व्हय गं?"

मी बी जीपमधी गेले. दवाखान्यातल्या सिस्टरनं डोळे बघितले आन लगीच भरती करून घेतलं. पोटुशीला कावीळ लई वाईट, म्हणली, एक दिवस बी घरी ठिवायची न्हाई. आज सकाळी काकूचा फोन आला. बाटली लावलीय, बाळ हलायलंय.

खरा पाला असता तर तू वाचली असतीस का, मला ठाऊक न्हाई. तू माझ्या भरवशावर थांबलीस, येवढं ठाऊक हाय.

ही वही कुठं पोचणार हाय, पाट्याखाली ठिवून देईन. पर एक राहिलं. जीपमधी काकूला मी म्हणलं, तवा लहान होते, कळलं न्हाई. ते खोटं हाय. तवा तोडतानाच बोटाला दूध लागलतं, चिकट. तुझ्या पाल्याला ते नसतं, हे मला ठाऊक होतं. तोडताना बोलायचं न्हवतं, पर घरी आल्यावर तर बोलता आलं असतं. तू बाजंवर पडून माझ्याकडं कौतुकानं बघत होतीस. मी बोटं परकराला पुसली.