साळवे बाईंची मॉरिस

शिरूर, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

आज स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी मन खूश आहे. शाळेत मला शिकवलेल्या साळवे बाईंची जुनी मॉरिस मायनर चार दिवस खोलून बसलो होतो. त्यांचे यजमान गेल्यापासून नऊ वर्षं ती शेडमध्येच उभी. उद्या दौंडचा भंगारवाला न्यायला येणार, बाईंच्या मुलानं परस्पर ठरवलेलं. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. इंग्लिश गाडीला हात लावायची हौस माझीच. दुपारी हात टेकले. म्हणालो, "बाई, न्हाई व्हायची ही. देऊन टाका."

बाई म्हणाल्या, "आमचे हे चावी फिरवायचे तेव्हा आधी टकटक व्हायचं. चार दिवसांत ते एकदाही ऐकू आलं नाही."

टकटक! म्हणजे पेट्रोलचा विजेवरचा पंप. मी कार्बोरेटर तीनदा साफ केला, पण पंप उघडलाच नाही. कसं सुचलं नाही मला? आतले वीज जोडणारे पॉइंट काळे पडले होते. पॉलिश पेपरनं घासले, चावी फिरवली. टकटक सुरू झाली, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन धडधडायला लागलं.

मला वाटलं, आता बाई रडतील. त्या सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. "यांनी कधी हात लावू दिला नाही. क्लच कुठला रे?"

"बाई, अजून ब्रेक न्हाईत हिला!"

"मग कर की ब्रेक. उद्या त्या भंगारवाल्याला मी सांगते, गाडी विकायची नाही, मला चालवायचीय."