पायलीतले विद्युत्कण

कुरुंदा, १२ डिसेंबर १९३७
हैदराबादहून आलेल्या जुन्या इंग्रजी मासिकात वाचले: हवा काढलेल्या नळीत नळकांडी ओळीने बसवायची, दर फटीपाशी विजेचा धक्का द्यायचा, इलेक्ट्रॉन, म्हणजे विद्युत्कण, सरळ रेषेत सुसाट. वेग वाढतो म्हणून पुढचे नळकांडे आधीच्याहून लांब. साहेबाला यासाठी कारखाना लागतो. मला ओसरी पुरेल.

१३ डिसेंबर
नळकांडी सापडली! घरातली धान्य मोजायची पितळी मापे, प्रत्येक आधीच्याहून मोठे. निळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. पूर्वजांना तत्त्व ठाऊक होते. बुडे का ठेवली, तेवढे कळत नाही. तांबटाकडून कापून आणली. सौ. माहेरी. योग्य वेळ.

१६ डिसेंबर
मेहुणे किसनराव यांच्या बंद मोटारीची कॉइल आणली. म्हणाले, दाजी, मोटर चालंना, नुस्ती ठिणगी घेऊन काय करता? शास्त्राचा गंध नाही. सायकलच्या पंपाचे चामडे उलटे बसवले: भरणारा पंप आता हवा ओढतो. मापांचे सांधे लाखेने बंद. निळव्याच्या टोकाला टॉर्चच्या बल्बची तार, पायलीच्या तोंडाला काच. इलेक्ट्रॉन आदळून काचेवर हिरवा ठिपका दिसला की जिंकलो.

१९ डिसेंबर
सौ. आली. खळ्यावरच्या बायांची धान्यातली मजुरी मोजायला पायली मागितली. मी शास्त्र समजावले. म्हणाली, अवो, बुडं काहून कापली? एवढेच समजले तिला.
शेजाऱ्यांच्या मापाने भागवा म्हणालो. बायांची पुढारीण गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणे, मास्तर, बोली ज्या मापाची, मजुरी त्याच मापानं. न्हाईतर आमी चाललो तातेरावाच्या खळ्यावर.
जोंधळा अर्धा मळलेला, आभाळ भरून आलेले. शनिवारपर्यंत मुदत मागितली. दिली. सौ.ने पुरवणी जोडली: ठिपका दिसला न्हाई, तर नळी माझी.
मान्य. घाबरतो कोण?

२२ डिसेंबर
तार लागली आणि लगेच जळाली. आत हवा उरली होती. दोष पंपाचा. कॉइलचा धक्का इलेक्ट्रॉनऐवजी मलाच बसला. म्हणजे धक्का उत्तम आहे. प्रगती.

२५ डिसेंबर, शनिवार, दुपार
ठिपका! ओरडलो. सौ., किसनराव, गोजरबाई धावत आले. ठिपका हिरवा नव्हता, पिवळा होता. पण निसर्गाला रंगाची सक्ती कशाला? गोजरबाईने निळव्याच्या टोकावर तळहात धरला. ठिपका गेला. हात काढला. ठिपका आला. म्हणाली, मास्तर, लाख निघाली हाय बगा. हे तर ऊन व्हय.
किसनराव हसताना खोकले. बरे झाले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सौ.ने नळी मोडली नाही. काच काढली, खळ्यावर पायलीचे तोंड वर करून नरसाळ्यासारखी उभी धरली, खाली पोते. वरून जोंधळा ओतला. एक दाणा सांडला नाही.
मजुरी गोजरबाईने स्वतःच्या गडव्याने मोजली, काठाच्या वर रास येईल अशी शीग लावून. माप मोडलं त्यानं बोलायचं न्हाई, म्हणे. गडवा भलताच पोटाळ. मी हरकत घेणार होतो. सौ.ने नुसते पाहिले. घेतली नाही. पण बाया राहिल्या. उद्या मळणी पुरी होईल.
नोंद: नळीतून कण सरळ रेषेत गेले, झोत विखुरला नाही. प्रयोग यशस्वी. मासिकाला पत्र टाकणार.
कण जोंधळ्याचे होते, हा तपशील कळवायची गरज नाही.