हाक मैनाताईला

२ डिसेंबर, मंगळवार

आले बाई एकदाची चिखलदऱ्याला! अकोल्याहून अकोट, अकोटहून परतवाडा, आणि पुढे घाटातली एसटी. शेजारच्या बाईची कोंबडी सगळा घाट माझ्या मांडीवर बसून आली, तरी मी खुशीत. अकोल्यात हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहून पायांचे खांब झाले होते. आता मी मॅनेजर! बंगला अमरावतीच्या उत्तमरावांचा. लोक मोबाइलवर बुक करून दोन-तीन दिवस सुट्टीला येतात. त्यांना किल्ली द्यायची, झाडलोट करून घ्यायची, तक्रारी हसून ऐकायच्या. मागे माळी पुंजाजी राहतात. मला वरची खोली, खिडकीत अख्खी दरी. बाबा बार्शीटाकळीहून फोनवर म्हणाले, थंडी लय असते तिथं, सेटर घालत जाय पोरी.

उत्तमराव स्वतः काम समजावायला आले होते. बोलणं गुळासारखं. निघताना एक अट घातली: पाहुण्यांसमोर माझं नाव मैना. आधीची मॅनेजर मैनाताई, अकोटची. बंगल्याच्या एकूण एक रिव्ह्यूत तिचं कौतुक, लोक तिच्या नावावर येतात. ती म्हणे लग्न करून नागपूरला गेली. मी विचारलं, दीक्षा नाव काय वाईट आहे? तर हसून म्हणाले, नावानं काय अंगाले भोकं पडतात? कोनी मैना म्हनलं का ओ द्याची, बस.

बाबांनी हौसेनं ठेवलेलं नाव असं खुंटीला टांगायचं जिवावर आलं. पण नोकरी हवी होती. हो म्हटलं.

६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि खाली आले. यवतमाळचं कुटुंब निघायच्या गडबडीत होतं. फार खूश. मैनाताई मैनाताई करून त्यांनी माझा पिच्छा पुरवला आणि मीही बिनदिक्कत ओ दिली. सवय होते माणसाला.

दुपारी त्यांचा रिव्ह्यू आला. मैनाताईंनी शेगडीवर भाजलेले पळसाच्या पानातले पानगे, वा! असं लिहिलंय. मी त्यांना पोहे दिले होते. मला पानगे येत नाहीत, आणि बंगल्यात शेगडीच नाही. सगळा स्वयंपाक गॅसवर. दुसऱ्या कुठल्या बंगल्याचं इथं चिकटवलं असेल. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

९ डिसेंबर

पुंजाजींनी बागेतून चार हाका मारल्या, दीक्षा, ओ दीक्षा. मी पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. ऐकू येत होतं. पण ती हाक माझ्यासाठी आहे हे डोक्यात शिरलंच नाही. शेवटी त्यांनी घाबरत मैना म्हटलं, आणि मी ताडकन उठले.

त्यांच्या हातातलं खुरपं पडलं. माझ्या हाताला कोळशाचा वास येतोय. साबणानं जात नाही.

१२ डिसेंबर

मैनाताईचं खरं काय झालं ते सांगा म्हणून आज पुंजाजींना धरूनच बसवलं. आधी आढेवेढे, मग रडायला लागले.

मैनाताई नागपूरला गेलीच नाही. मागच्या थंडीत एका पाहुणीची सोन्याची साखळी हरवली. उत्तमरावांनी मैनाताईला मागच्या सामानाच्या खोलीत कोंडलं. म्हणाले, कबूल होत नाही तोवर दार उघडाचं नाही. खोलीला खिडकी नाही. ती थंडीनं कुडकुडत होती, म्हणून पुंजाजींनीच उत्तमरावांच्या परवानगीनं आत पेटती शेगडी सरकवली. दार पुन्हा बंद. कोळशाच्या धुरानं ती आत गुदमरून गेली. दुसऱ्या दिवशी पाहुणीचा फोन आला, साखळी लेकराच्या दप्तरात निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिचं मागेपुढे कोणी नव्हतं. उत्तमरावांनी परस्पर जाळून टाकलं आणि नाव मात्र धंद्याला ठेवलं.

पुंजाजी म्हणाले, मले वाटलं बाई ऊब भेटन तिले. मी त्यांच्या अंगावर ओरडले. उत्तमरावांना तसंच कोंडावं असं वाटलं. वाटलं ते वाटलं. मी तिला मनातल्या मनात म्हटलं, मैनाताई, मी आहे तुझ्या बाजूनं.

म्हणायला नको होतं.

१४ डिसेंबर

घरी जायचं ठरवलं. पिशवी भरली. दुपारच्या गाडीला निघाले, फाटकापर्यंत गेले — आणि नंतरचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा मागच्या खोलीसमोर बसलेली, पुढ्यात शेगडी. कुठून आणली?

पुंजाजी सांगतात, मी उत्तमरावांना फोन केला. आवाज माझा नव्हता. मी एवढंच म्हणाले: कबूल हाय सायेब. या आता, दार उघडा.

१५ डिसेंबर

बाबांचा फोन. ते बोलत होते, मी ऐकत होते — कोणाचे बाबा?

दीक्षा. मी दीक्षा. बार्शीटाकळीची दीक्षा. लिहीत राहिलं की थोडं थांबतं.

१६ डिसेंबर

उत्तमराव आले. भर दुपार, पण धुक्यात बाग दिसेना. तोंड पांढरंफटक. ओरडले, कोण थट्टा करून राहिलं? मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. ते तणतणत खोलीत शिरले, कोपऱ्यात शेगडीचे निखारे फुललेले — माझ्या हातानं कडी लावली. माझ्या? कुलूपही.

दार धडधडतंय. रडतायत. किल्ली माझ्या डाव्या मुठीत आहे, मूठ उघडत नाही. मेला तर मी खुनी. बाबांना काय तोंड — नाही, उघडायलाच हवं —

मरू दे. किती गोड वाटतंय ऐकायला.

नाही. नाही.

पुंजाजी धावत येतायत. दीक्षा, अवं दीक्षा, दार खोल! त्या हाकेला ओ दिली तर मूठ सुटेल, हे मला कळतंय. देते. आत्ता देते ओ. दी—

कोनाले हाका मारून राहिला हा म्हातारा? इथं दीक्षा कोनी नाई. मी मैना हावो. आन् मी त्याले अजून कबूल होऊ देल्लं नाई.