पूर्वाच्या पाइपाले तेल

सोमवार, ८ डिसें.
पहिले कोण टपकलं तं शेजारची शेवंता. बोलावलं नव्हतं. तिच्यामागून माह्या नातीच्या, पूर्वाच्या, कॉलेजच्या मॅडम अन् तालुक्याचे सर. शेवंता माह्या कानात, "काय वं माय, पूर्वाले पाहाले आले का?" मी हासली. अकरावीतली पोट्टी, तिचा पाइप पाहाले आलेते. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात घ्याचा का नाही ते ठरवाले. पाइप मधातून उभा चिरलेला, पन्हाळीसारखा, जिन्याले बांधलेला, न्याव कसा? म्हणून तेच घरी आले.

पूर्वानं वरून कंचा, काचेची गोटी, सोडला. तिच्या हिशोबाच्या कागदावर वेग सेकंदाले तीन मीटरच्या जरासा वर. मोबाइलच्या व्हिडिओत साडेतीन! मले वाटलं वा, जास्त आला!
सर म्हणे, "हिशोबापेक्षा जास्त कुठून येईल? हात लावला का सोडताना?"
"नाही सर."
तिचं तोंड एवढंसं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. तेल सकाळी मीच... बोललीच नाही. चहा मात्र चांगला झालता.

मंगळ.
पूर्वा जेवली नाही. "चोर समजले मले," म्हणे.
परवा मी तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती तवा तिनंच समजावलं होतं. उंचावर कंच्यात शक्तीची साठवण असते, उतरला का तिचाच वेग होते. पाइप वाकडा का सरळ, विचाराचं नाही, किती खाली आला तेवढंच पाहाचं. उंची चौपट, तं वेग दुप्पटच. काय गंमत! त्या साठवणीतला एक वाटा कंचा गरगर फिरण्यात जाते, तो तिनं वजा केलता.
मले कोण सांगितलं होतं मधात पडाले? आमच्या घरी बैलबंडी गावाले निघाली का चाकाच्या कण्याले वंगण लागतेच. पावणे येणार, म्हणून कापसाच्या बोळ्यानं तेल लावून पाइप चकचकीत केला. लाड नडला.

बुध.
सांगून टाकलं. पूर्वानं पाइपावर बोट फिरवून पाह्यलं. मंग एकदम, "आजी! कंचा फिरलाच नाही, घसरला! फिरण्याचा वाटा वेगात गेला!" साबणानं पाइप धुतला, सोडला. तीनच्या जरासा वर. नाचली पोट्टी. मंग थांबली.
"पण सर मानतील का? म्हणतील आता कहाणी रचली. तूच सांग त्याईले."
"मले सायन्स कुठं येते वं?"
"सायन्स मी सांगतो. तू तेल सांग."
सोमवारीच एक शब्द बोलली असती तं...

गुरू.
पूर्वानं मॅडमले तेलाचं कळवलं होतं, आज त्याईचा फोन. सर तयार झाले, पण म्हणे यादी जवळपास पक्की आहे, एकदाच पाहू. शेवंताले तेलाचं अजून काही माहीत नाही, ती बी येतेच म्हणते. सर अन् मॅडम शनिवारी अकरा वाजता येतो म्हणाले. तेलाचं मीच सांगीन.